फुलकोबीचा गुरुवार

१८ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा परत धाडलं! अमरावतीपर्यंत गेलो, डोळ्यात थेंब घातले, सगळं झालं, अन् डॉक्टर म्हणते, "आजी, आधी शुगर उतरवा. मग मोतीबिंदू काढू." दुसऱ्यांदा! मी काय मुद्दाम चढवते शुगर?

येताना मूर्तिजापूरले माह्या पोरानं, पियुषनं, गाडी थांबवली. आलूबोंड्याचा वास! कढईतून आत्ता निघालेला, वरून तर्री... मी दार उघडायच्या आत सूनबाई उतरली अन् फुटाण्याची पुडी घेऊन आली. "आई, आजपासून घरात आलू बंद."

"माहे?"

"सगळ्यांचे."

अकोल्यापर्यंत तोंड उघडलं नाही मी. फुटाण्यापुरतं उघडलं.

एवढं ठळक, एवढं मोठं लिहून राहिली, तरी ओळीवर ओळ चढते. आपलंच अक्षर आपल्याले दिसत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

उपास. डोळा नीट व्हावा म्हणून महाराजांपाशी बोलली आहे मी, ऑपरेशन होऊन महिना उलटेपर्यंत गुरुवार धरीन. सकाळी साबुदाण्याची उसळ, दुपारी आलूचा किस. उपासाचा आलू बंद करायची हिंमत आहे कोणाची? सूनबाई प्रणाली उभी राहून पाहत होती. संध्याकाळी मशीनवर शुगर पाहिली, आकडा सांगितला नाही. म्हणजे समजून घ्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज वांगं-आलूची भाजी झाली — आलू नसताना!

फुलकोबीचा जाड दांडा. तो आपण जन्मभर गाईपुढं टाकला. या पोट्टीनं तो सोलला, मिठाच्या पाण्यात उकडला, चौकोनी फोडी केल्या अन् वांग्याच्या रश्श्यात सोडल्या. मी चांगल्या चार फोडी खाल्ल्या अन् वरून म्हटलं, "काहून वं, आलू बंद होते नं?" खुदकन हसली. मऊसूत फोड, पोटात रस्सा मुरलेला. आलूच म्हणावा!

वकिलाच्या घरची पोरगी, दिवसभर बँकेत डोकं खपवते, अन् घरी येऊन हे सुचते तिले! माही सारी हयात चुलीपुढं गेली. मले नाही सुचलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आज आलूच्या जागी कच्ची पपई. लगदा झाला. पियुष म्हणे, "हे दवाखान्यातलं वाटते." तिनं दुसरी पपई चिरायले घेतली. जिद्दी आहे!

१ डिसेंबर, रविवार

पपई जमली. झणझणीत.

५ डिसेंबर, गुरुवार

आजचा किस! बाप्पा! तुपात जिरं, हिरवी मिरची, दाण्याचा कूट, वरून लिंबू. इतका मोकळा, इतका हलका किस माह्या हातानं कधी झाला नाही. दोनदा मागून घेतला. संध्याकाळी शुगरचा आकडा तिनं स्वतः सांगितला, मोठ्यानं! आलू खाऊन शुगर उतरली म्हणजे महाराजांचीच कृपा, दुसरं काय.

१२ डिसेंबर, गुरुवार



दुपारी शेजारची शकुन आली. मी मोठ्या तोऱ्यात तिच्या हातावर किस ठेवला — पाह्य, माही सून कसा करते! तिनं चाखला अन् म्हणे, "माणिकबाई, हे तं गोबी हाय!"

गोबी! फुलकोबी! उपासाले! प्रणालीले हाक मारली. ती म्हणे, "हो आई. मागच्या गुरुवारीही गोबीच होती."

दोन गुरुवार मोडले. डोळ्यासाठी बोललेले गुरुवार! जे बोलू नये तेही बोलली मी तिले, शकुनसमोर. माह्या डोळ्यावर उठली का, असंही म्हटलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी चहा घेतला नाही. ती सुट्टी टाकून घरीच. माह्या पायाशी येऊन बसली.

"आई, मले खरंच वाटलं चालते. धान्य नाही, डाळ नाही. आलू चालते, कोहळं चालते, तं गोबीनं काय घोडं मारलं?"

आता हिले काय सांगू! आमच्यात कोहळं चालते, काकडी चालते, गोबी नाही चालत. शकुनकडं भेंडी चालते, आमच्यात नाही. काहून? माह्या सासूनं सांगितलं म्हणून. सासूले कोणी सांगितलं, महाराज जाणे. बोलता बोलता मलेच हसू फुटलं. मग दोघीही हसलो. मग ती रडली.

चहा घेतला. बिनसाखरेचा.

१७ डिसेंबर, मंगळवार

उतरली! शुगर उतरली! डॉक्टरनं ६ जानेवारी दिली. म्हणे, "आजी, काय खाल्लं?" म्हटलं, "गोबी." अन् तंबी दिली — गोळ्या चालू आहेत, उपास एकदम बंद.

पण जीव थाऱ्यावर नाही. मोडलेला तं मोडलाच, आता पुढचाही सोडायचा! डोळा बिघडला तं? गाडीत प्रणालीले म्हटलं हे. माहा हात हातात घेऊन म्हणे, "गुरुवारचं माह्यावर सोडा, आई." सोडलं. स्वयंपाकघर तिच्यावर सोडलं ते काही वाईट नाही झालं.

२६ डिसेंबर, गुरुवार

बोंडे! फुलकोबी वाफवली, फडक्यात घट्ट पिळली, त्यात आलं-मिरची, भरपूर सांबार, सारी कोथिंबिरीची जुडीच. वरून बेसनाचा नुसता हात फिरवला अन् आप्पेपात्रात भाजले. अंगाला तेल लावल्याइतकं तेल. मूर्तिजापूर आठवलं! एवढे गुण एका पोरीत कसे मावले? तिच्या आईले फोन करून सांगितलं. शकुनलेही सांगितलं, तिच्यासमोर बोलली होती म्हणून मुद्दाम.

एकच खटकते. माह्याजवळ ताट घेऊन बसते अन् दोन मिनिटात उठते. घाई, घाई. मले काही तिचं ताट दिसत नाही, आवाजावरून समजते.

५ जानेवारी, रविवार

उद्या. भेव वाटून राहिलं. महाराज, चूक पोरीची नाही, लक्षात ठेवा.

७ जानेवारी, मंगळवार

पट्टी काढली.

पहिली प्रणालीच दिसली. किती वाळली पोट्टी! गालफडं बसले. म्हटलं, "अवं, आरशात पाहिलं का कधी?" ती म्हणे, "तुम्ही पाहा आता." पियुषचे केस पांढरे झाले, हे मले कोणी सांगितलंच नाही. सांबाराचा रंग केवढा हिरवा असते!

९ जानेवारी, गुरुवार

आज तिचं ताट दिसलं. काकडीच्या चार फोडी. बस.

विचारलं तं म्हणे, "तुमचा गुरुवार माह्या हातानं मोडला होता नं, आई. म्हणून तेव्हापासून मीच धरला. कोहळं तुमच्यासाठी आणलं की संपून जाते."

घरात आलू नाही, म्हणून तिच्या उपासाले किसही नाही!

डॉक्टर म्हणे, महिनाभर गॅसजवळ जायचं नाही. पियुषले बाजारात धाडलं. काळा चष्मा लावला अन् गॅससमोर उभी राहिली. तुपात जिरं, दाण्याचा कूट. आलूचा किस. खरा आलू. प्रणालीले कुठं शुगर हाय!