कागदावरची वाटणी

८ जुलै १९७४
इन्कम टॅक्स ऑफिसची नोटीस. साहेबांना आमची वाटणी खरी वाटत नाही. कशी वाटेल? गेल्या वर्षी वकील म्हणाले, दोघा भावांचं उत्पन्न एकत्र धरलं की टॅक्स जबर बसतो, वाटणीचा कागद करा. केला. थोरल्या भावानं, अण्णानं, न वाचता सही ठोकली. "तम्मा, तू शिकलेला हाईस, तुला कळतंय की." दुकान, चादरी, जेवण सगळं होतं तसं एकत्रच.

११ जुलै
वकील लई रागावले. नुसता कागद चालत नाही, माल खरोखर वाटा, इन्स्पेक्टर बघायला येणार. वाटणी फेटाळली तर टॅक्सपायी गोदाम विकावं लागेल. अण्णाला अजून बोललो नाही.

१५ जुलै
अखेर अण्णाला सांगितलं. "मग वाटू की," एवढंच म्हणाला.
गोदामात वाटे घातले. आमच्यातली रीत, थोरल्यानं वाटे घालायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. अण्णानं एका ढिगात सगळ्या नव्या जाड चादरी रचल्या, दुसऱ्यात उंदरांनी कुरतडलेल्या. मी मुद्दाम कुरतडलेला ढीग धरला. झालं!
"त्यो माझा हाय, सोड!"
मीही ओरडलो, "असली वाटणी मला नको!"
दारात इन्स्पेक्टर. भांडण बघून गडी खूश, वाटणी खरी म्हणून भराभरा वहीत लिहायला लागला. मग चहा घेऊन आलेल्या वहिनीला विचारलं, कशावरून भांडतायत? वहिनी माझी भाबडी. म्हणाली, "येकमेकाला चांगला माल द्यायला." लिहायचा थांबला.

२२ जुलै
साहेबांपुढे. अण्णाला शपथेवर विचारलं, भावापासून वेगळे झालात का? फक्त 'होय' म्हणायचं, असं वकिलांनी दहादा पढवलेलं.
"कागदावर झालोय, साहेब. घरात न्हाय."
वकिलांनी कपाळावर हात मारला. साहेबांनी फाईल मिटली. मग म्हणाले, २० ऑगस्टपर्यंत खरी वाटणी करून या, नाहीतर अर्ज मागे घेऊन टॅक्स भरा.
रस्ताभर अण्णाच्या दहा पावलं पुढं चाललो. राग आलेला, त्याहून जास्त लाज. इतका सरळ माणूस, त्याला मी खोटं बोलायला उभा केला.

४ ऑगस्ट
अण्णा आपणहून म्हणाला, "हो वेगळा, तम्मा. गोदाम गेलं तर तुझ्या पोरांनी काय करायचं?" त्याला मूलबाळ नाही. वहिनीनं माझ्या बायकोसाठी, शांतासाठी, वेगळ्या चुलीला म्हणून नवा स्टोव्ह आणलाय. दुकानात चार पेटवून बघून निवडला म्हणे. घरी आल्यापासून डोळे पुसतेय, वर म्हणते रॉकेलचा वास लागला.
आज तरी एकत्रच जेवलो.

१८ ऑगस्ट
मुदत परवा संपते. दोन अर्ज तयार, एक वाटणीचा, एक माघारीचा. अण्णानं दोन्हींवर सही केलीय. "तुला बरं वाटंल त्यो दे."
शांताला विचारलं. म्हणाली, "मला दोन्हीचं भ्या वाटतंय."
गोदाम गेलं तर उद्या पोरं मला विचारतील. वेगळा झालो तर वहिनीच्या तोंडाकडं कसा बघू? वकिलांचा माणूस आज तिसऱ्यांदा आला. सांगितलं, उद्या देतो.