काट्यावरचा माणूस निवडताना

नागपूर, ७ ऑक्टोबर १९५८

विषय परत आला. सबनीस सरांनी (भरती आणि निवडीचा पेपर यांच्याकडे) माझ्या टिपणावर लाल आडवी रेघ मारली. "ग्रंथालयात बसून भरती होत नसते. खरी रिकामी जागा शोधा, खरा माणूस नेमा, मग लिहा." बाकीच्यांचं बरं आहे. कुणाचा काका कापडगिरणीत, कुणाचा मेहुणा कचेरीत. माझं आमगाव आणि तिथल्या धानगिरण्या. डिप्लोम्याचे निम्मे गुण या एका अहवालावर.

सरांनी तीन नियम सांगितले. आधी काम लिहून काढा, मग माणूस बघा. सगळ्यांना एकच परीक्षा. परीक्षक आणि उमेदवार यांच्यात नातं नको. तिसऱ्यावर विचारायचं होतं, नातं निघालंच तर काय करायचं? विचारलं नाही. ऑगस्टमध्ये एकदा वर्गात आमच्या बोलीत "मी वाचून राहिलो सर" म्हणालो, तर आधी सर हसले, मग वर्ग. तेव्हापासून हात वर जात नाही.

आमगाव, १९ ऑक्टो.

गिरणीच्या शेठकडे गेलो. नशीब. धान तोलायच्या काट्यावरचे म्हातारबुवा दिसेनासं झालं म्हणून घरी बसलेत. धानाच्या गाड्या दिवाळीनंतर सुरू होतील, त्याआधी माणूस पाहिजे. मी पुस्तकातलं समजावून सांगितलं. शेठ पान लावत ऐकत होते.

"हम तो आदमी की चाल देखके रख लेते हैं. पर तुम पढ़के आए हो, तो करो. जो निकलेगा, उसी को रखूँगा. जबान दी."

म्हणजे खरी जागा, खरी नोकरी. आनंद व्हायला हवा होता. झालाही, घरी येईपर्यंत.

२० ऑक्टो.

ताई आली होती. गिरणीतली बातमी दोन कोसांवर तिच्या गावी माझ्याआधी पोचली. तिला पाचवा महिना संपत आलाय, नव्हे, सहावा असेल, मला कळत नाही. माय म्हणते मार्गशीर्ष उजाडेल. गेल्या खेपेला भाऊजी तेंडूपत्त्याच्या कामाला जंगलात होते आणि इकडे मूल गेलं. ते ती बोलत नाही. पण भाऊजी घरी असावेत एवढंच तिचं मागणं.

झनकलाल भाऊजी तिरोड्याला एका गिरणीत काट्यावरच होते. ती बंद पडली. तेव्हापासून रिकामे, आणि गावातली पोरं भिलाईला जाऊन राहिलीत, तिथं मोठा कारखाना उभा होतोय, तर यांचंही चित्त तिकडे.

ताई म्हणाली, "लावूनच दे म्हणत नाही रे टेकचंद. परीक्षेले बसू तं दे."

मी "पाहू" म्हणालो. पाहू म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे. चहा न घेताच गेली.

२५ ऑक्टो.

काम लिहून काढलं. पोती मोजणं, वजन घेणं, धान ओलं असेल तर किती वजन कापायचं ते ठरवणं, गाडीवाल्याशी भांडण न होऊ देणं. शेवटचं गिरणीच्या मुनीमजींनी घालायला लावलं. फाटकावर कागद चिकटवला. लोक जमले. एकजण वाचून दुसऱ्याला विचारतो, "काटा धराले परीक्षा काऊन? काटा का उत्तर देते?" सगळे हसले. नागपुरात माझ्या बोलण्याला हसतात, इथं माझ्या शिकण्याला.

२९ ऑक्टो.

वैताग. नावं आली, आणि निम्म्यांहून जास्त सोयरे. आत्याचा दीर. मामेभावाचा साळा. एकाला म्हटलं तुमचं-आमचं काही नाही ना, तर तो दुखावला, "नाही कसं? तुह्या माय न माही काकू एका मांडवातल्या." आम्हा पोवारांत तीन गावं सोडून चौथ्यात जा, कुणीतरी ताट वाढायला उठतोच. बाबांना विचारलं, या मुलखात आपला सोयरा नसलेला कोण? बराच वेळ विचार करून म्हणाले, "पोस्टमास्तर."

नियम म्हणजे नियम. सोयऱ्यांची नावं यादीतून काढत गेलो. भाऊजींचं शेवटी काढलं. बाकीच्यांना निरोप पाठवला, त्यांना पाठवला नाही. उद्या स्वतः जाऊन सांगीन.

३१ ऑक्टो.

गेलो नाही. अहवालाचं काम होतं. (काम कसलं.)

२ नोव्हें., रविवार

परीक्षा झाली. गिरणीच्या अंगणात मी आणि मुनीमजी खाटेवर, उमेदवार रांगेत. रांगेत भाऊजी. धुतलेला सदरा, डोक्याला तेल. शेजाऱ्याच्या बैलगाडीतून आले होते. मी उठून जवळ गेलो, पण हळू बोललो तरी सगळ्यांनी ऐकलंच.

"भाऊजी, तुम्हाला नाही बसता येणार."

"काऊन?"

"नियम आहे. नात्यातला चालत नाही."

रांगेतून निघाले. पण जाणार कुठं, गाडी शेजाऱ्याची, आणि शेजारी बाजार करून दुपारी परतणार. चिंचेखाली बसून राहिले. आम्ही हिशेब घातले, पोती तोलायला लावली, एकेकाला आत बोलावून प्रश्न विचारले, आणि ते समोर बसून सगळं पाहत होते. मी एकदाही तिकडे पाहिलं नाही म्हणजे ते तिथं नव्हते असं थोडंच आहे.

गोंदियाचा एक मॅट्रिक पास तरुण पहिला आला, शंकरदयाल. हिशेबात चोख, बोलणं नेमकं. सर खूश होतील. शेठनी तिथल्या तिथं ठेवून घेतला. मला जेवण गेलं नाही.

१३ नोव्हें., भाऊबीज

ताईकडे. दारात रांगोळी, पाट मांडलेला, सगळं रीतीप्रमाणे. ओवाळलं. बोलली नाही. भाऊजी घरात नव्हते. पाडव्याच्या दिवशीच, म्हणजे काल, गावच्या चौघांबरोबर भिलाईला गेले.

निघताना मीच म्हटलं, ताई, बोल तरी.

"का बोलू? नापास करतास तं चाललं असतं. चार लोकं नापास होतेत. घरी येऊन म्हणले, त्यानं मले मोजलंच नाही."

सहा महिन्यांची पोटुशी बाई एकटी पाणी भरते. सासू आहे, पण गुडघ्यांनी बसलेली. माय तिला इकडे आणायचं म्हणतेय. ताई म्हणते, येते, पण टेकचंद नागपूरला गेल्यावर.

(सहावा नव्हता तर. मायला विचारलं: आठवा चालू आहे. माझं गणित हे असं.)

२७ नोव्हें.

अहवालासाठी पुन्हा आमगाव. गावच्या मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचा दिवस, पाहुण्यांनी घरं भरली, दंडारीच्या नाचाचे ढोल वाजताहेत, आणि मी गिरणीत शंकरदयालच्या कामाची टिपणं घेतोय. वजन बिनचूक. पण गाडीवाले त्याच्याशी बोलत नाहीत आणि तो त्यांच्याशी. एकानं धान न उतरवता बैल वळवले आणि सरळ गोंदियाची वाट धरली. शेठ मला म्हणाले, "तुम्हारा आदमी हिसाब में पक्का है. बस, गाड़ी नहीं रुकती उसके पास." अहवालात हे कुठल्या रकान्यात बसवू? "निवडीनंतरच्या अडचणी" असा एक भाग काढलाय.

ताई आमच्या घरी आली आहे. मी असताना मागच्या अंगणात बसते.

२१ डिसेंबर

तार मिळाली तेव्हा मी वर्गात होतो. पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मुलगा. पण ताईचे दोन दिवस फार वाईट गेले, सुईण हरली, शेवटी गोंदियाहून डॉक्टरीणबाईंना आणलं. आता शुद्धीवर आहे. चेहरा ओळखू येत नाही. मायनं एकच वाक्य टाकलं, "झनकलाल इथं राहता तं डॉक्टर आदल्या दिवशीच येती." खरं आहे. बाबांना रात्रीचं दिसत नाही, मी नागपुरात, गाडी जुंपणार कोण?

राग कुणाचा धरू? सरांचा? नियमाचा? नियमाचा धरतो. तो तरी उलटून बोलत नाही.

२४ डिसें.

भाऊजी आले, एका दिवसाच्या रजेवर. मुलाला घेऊन बराच वेळ बसले. वाळलेत. तळहात फाटलेत. मी विचारलं, तिथं कसं घेतलं तुम्हाला?

"फाटकावर उभं केलं. हात पाह्यले, गाव विचारलं, न आत घेतलं."

मग मुलाकडे पाहतच, "टेकचंद, एक सांग. तो नियम तुहा होता का विद्यापीठाचा?"

"विद्यापीठाचा."

"मंग ठीक."

आणि खरोखर ठीक झाल्यासारखे हसले. जेवताना मला आपल्या ताटातला वडा दिला. दीड महिन्यात पहिल्यांदा मला नीट झोप लागेल असं वाटतंय.

नागपूर, ११ मार्च १९५९

तोंडी परीक्षा. सर आणि बाहेरचे एक परीक्षक. अहवालाची स्तुती. वर्गातला एकमेव अहवाल ज्यात खरा माणूस खऱ्या जागी नेमला गेला, वगैरे. मी पाठ ताठ करून बसलो होतो.

मग सरांनी पान उलटलं. "हे वगळलेले उमेदवार. यातल्या एकाला तिरोड्याला काट्याच्या कामाचा अनुभव होता, असं तुम्हीच लिहिलंय. त्याला का वगळलं?"

"नात्यातले होते सर. माझे मेहुणे. तुमचा तिसरा नियम."

सरांनी चष्मा काढला. "अहो, नातं असेल तर परीक्षकानं उठायचं असतं. उमेदवाराला कोण उठवतं? तेवढ्या एका माणसापुरतं मुनीमजींना एकटं बसवायचं होतंत. त्याचा काय दोष?"

बाहेरचे परीक्षक हसले, वाईट हेतूनं नाही. सर म्हणाले, "शंका होती तर विचारायचं होतंत."

विचारायचं होतं! तुम्ही हसलात म्हणून विचारलं नाही, हे सांगता येतं का? आणि सांगितलं तरी ते निम्मंच खरं. एवढी साधी गोष्ट, आमच्या गावच्या पंचायतीतही पंचाचा भाऊ वादात असला तर पंच उठून जातो, लहानपणापासून पाहिलेलं. पण पुस्तक हातात आलं आणि जे पाहिलं होतं ते अडाण्यांचं वाटायला लागलं. खाट सोडून मी उठलो असतो तर झालं असतं. उठायचं मला होतं, उठवलं त्यांना.

पहिल्या वर्गात पास. मित्र चहा मागताहेत. डोकं दुखतं म्हणून खोलीवर आलो.

आमगाव, २१ मार्च

ताई अजून आमच्याकडेच. "पास झालास?" म्हणाली. हो म्हटलं. गुळाचा खडा हातावर ठेवला. आता बोलते माझ्याशी, भाऊजींनीच सांगितलं म्हणे, पोराचा दोष नाही, वरून तसं होतं. गूळ तोंडात घोळवत उभा राहिलो.

संध्याकाळी शेठनी बोलावलं. शंकरदयाल गोंदियाला परत गेला, तिथं दुकानात लागला. शेठ म्हणाले, "अब परीक्षा-वरीक्षा नहीं. तुम्हारे जीजा को बुला लो. पर जवाब होली तक. और तुम ही पूछना, मेरे पूछने से नहीं आएगा." ताईला कसं कोण जाणे लगेच कळलं. बाळाला न्हाऊ घालता घालता गुणगुणत होती. किती महिन्यांनी.

२४ मार्च, शिमगा

दुर्गकडून येणारी पॅसेंजर दुपारी. भाऊजी सणाच्या रजेवर येताहेत. ताईनं बाळाला नवीन झबलं घातलंय आणि मला म्हणाली, "तूच जाय टेसनावर. तुहं आयकतेत ते."

ऐकतात, कारण त्यांना वाटतं नियम विद्यापीठाचा होता. तसंच वाटू दिलं तर आज संध्याकाळी शेठला हो सांगून मोकळे होतील, ताई घर झाडायला गावी जाईल, आणि इथं कुणाला कधी काही कळायचं नाही. सांगितलं तर? मानी माणूस आहे. माझ्या शब्दावर मिळालेली नोकरी माझ्या तोंडावर फेकून पुढच्या गाडीनं परत जातील, आणि ताई पुन्हा एकटी. सरांना विचारावं तर हे काही त्यांच्या पेपरात नाही.

पण वडा दिला होता त्यांनी मला. त्यांच्या ताटातला.

सिग्नल पडल्याचं बाबा सांगताहेत. पहिलं वाक्य ठरवलंय, भाऊजी, तो नियम माझाच होता. त्यावर ते काय म्हणतील माहीत नाही. "मंग ठीक" म्हणणार नाहीत, एवढं नक्की.