गोगलगायीच्या आळीतलं भाषण

१४ मे

सिएना! मिलानहून निघाले ती सामानासकट थेट आईबाबांकडे. उद्या जुन्या शहरांच्या पाणीपुरवठ्यावरची परिषद, आणि पहिलं भाषण माझं! आमच्या शहराच्या पोटातल्या पाण्याच्या भुयारांवर, आमच्याच शहरात. छाती फुगलीय, खोटं कशाला बोलू?

पण सभागृहाचा पत्ता आज नीट वाचला. गोगलगायीच्या आळीत! आम्ही कासवाच्या आळीतले; घोड्यांच्या शर्यतीवरून दोन्ही आळ्यांचं पिढ्यानपिढ्यांचं वैर. बाबांनी जन्मात त्या रस्त्यावर पाऊल टाकलेलं नाही. दुच्चोशी, म्हणजे गोगलगायीच्या पोराशी, मी लग्न केलं तेव्हा चर्चमध्ये आले, जेवायला नाही. जेवण त्या आळीत होतं ना!

पत्ता ऐकून म्हणाले, "जगात दुसरी खोली नव्हती?"

"बाबा, मी भुयारांवर बोलणार आहे, घोड्यांच्या शर्यतीवर नाही."

"भुयारंही आपल्याकडचीच चांगली."

या माणसापुढे काय बोलायचं! मी फ्लॉरेन्सच्या दवाखान्यात जन्मले, तेव्हा बाबा आईच्या खाटेखाली कासवाच्या आळीतली परातभर माती ठेवून आले होते. मूल आपल्याच जमिनीवर जन्मायला हवं म्हणे! नर्स ओरडली, पण हे हटले नाहीत.

आईनं वाढलेले सलामीचे काप गुपचूप तिच्याच ताटात सरकवले; कच्चं खारवलेलं मांस सध्या बंद. वाईनलाही नको म्हटलं. पोट बिघडलंय, असं सांगितलं. तिसरा महिना भरेपर्यंत दुच्चोशिवाय कुणाला कळू द्यायचं नाही, असं ठरलंय.

१५ मे

जिंकलं! टाळ्या थांबेनात. लिस्बनचे एक म्हातारे प्राध्यापक म्हणाले, "तुम्ही या भुयारांत वाढलात की काय?" आई पहिल्या रांगेत, गळ्यात आमच्या आळीचा, कासवाचा रुमाल — आणि तोही गोगलगायीच्या आळीत! कुणी ब्र काढला नाही. आई कुणाची आहे!

शेजारची खुर्ची मात्र रिकामी.

"कोपऱ्यापर्यंत आले होते गं," आई म्हणाली.

कोपऱ्यापर्यंत! लेकीसाठी आणखी वीस पावलं टाकवली नाहीत. खूप राग आला. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

१६ मे

बाबांशी अबोला. त्यांना त्याचं काही नाही. सकाळीच कुठेतरी गेले, बूट चिखलानं माखून आले. आई ओरडली.

१७ मे

स्टेशनवर बाबा आले. हातात तोंड बांधलेल्या दोन पिशव्या. माती!

"सलामी नको म्हणणारी पोरगी माझी नव्हे. खाटेखाली ठेव. दोन्ही."

"दोन्ही?"

"एक आपली, एक त्या गोगलगायीच्या पोराची." नजर बुटांवर. "मीच जाऊन आणली."