तुमच्या रायफलीला दुर्बीण

बाबा, तुमच्या रायफलीला मी भोकं पाडून घेतली. नळीच्या वरच्या अंगाला, ड्रिलने, आणि त्यावर एक आखूड दुर्बीण बसवली. तुम्ही असतात तर घर डोक्यावर घेतलं असतंत. "माझ्या रायफलीला कुणी ड्रिल लावायचं नाही, दुर्बीण लागते ती आंधळ्यांना," हे वाक्य तुम्ही दर दसऱ्याला जेवताना पाहुण्यांना ऐकवायचात, आणि आई खाली मान घालून श्रीखंड वाढायची. आता ओरडायला तुम्ही नाही आणि मान खाली घालायला आई नाही. दुकानातल्या माणसाने ड्रिल सुरू केलं तेव्हा मी मुद्दाम बाहेर गेले नाही, काचेपलीकडे उभी राहून बघत होते. वाईट वाटेल असं वाटलं होतं. डोंबल वाटलं! बरं वाटलं.

रायफल तुम्ही दादाला दिलीत, मुलगा म्हणून. त्याने ती नेपरव्हिलच्या आपल्या घरी बेसमेंटमध्ये हीटरमागे उभी करून ठेवली आणि इतक्या वर्षांत एकदाही बाहेर काढली नाही. आता घर विकून कॉन्डोत जायचं म्हटल्यावर त्याला तिची अडचण झाली, तेव्हा मला फोन. "तुला हवी का गं? नाहीतर देऊन टाकतो कुणाला तरी." हवी का! इथे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बहिणीलासुद्धा बंदूक परस्पर देता येत नाही, म्हणून ती इथे टेक्सासमध्ये फ्रिस्कोच्या बाहेरच्या एका दुकानदाराच्या नावावर आली, माझी चौकशी झाली, सह्या झाल्या, आणि मग कुठे ती माझ्या हातात पडली. मी ती तिथेच खांद्याला लावली. नेम धरायची मागची खाच स्पष्ट दिसली तर नळीच्या टोकावरचा मणी पुसट, मण्यावर नजर लावली तर समोरचं टार्गेट गायब. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर दात नाहीत. दुकानात उभ्या उभ्या मला तुमचा असा काही राग आला की विचारू नका.

काउंटरवर एक मुलगी होती, माझ्या लेकीच्या वयाची. तिने दस्त्यावरचा लाल डाग बघून घाबरत विचारलं, "इज दॅट ब्लड?" म्हटलं, नाही बाई, कुंकू आहे. तिला काय कळणार. मग तिने काचेवर एकेक वस्तू मांडली. आधी ती लाल ठिपक्याची साइट, काचेत ठिपका दिसतो, तो टार्गेटवर ठेवायचा आणि ट्रिगर ओढायचा. माझ्या डोळ्यात अॅस्टिग्मॅटिझम, मला तो ठिपका फुटलेल्या टोमॅटोसारखा दिसला. मग गोल भोकाची साइट, तिच्यातून बघितलं की म्हाताऱ्या डोळ्यांनाही मणी बरा दिसतो. खरं म्हणजे तेवढ्यावर भागलं असतं. मग दुर्बिणी आल्या. मोठी दुर्बीण तुमच्या रायफलीवर चालतच नाही, कारण ती जुन्या पद्धतीची, ट्रिगरखालची कडी खाली ओढली की रिकामं काडतूस वरूनच उडतं, आणि नेमकी तिथेच दुर्बीण आली तर त्याने जायचं कुठून? एक उपाय म्हणजे दुर्बीण डावीकडे सरकवून बसवायची, पण मग गाल दस्त्यावर टेकत नाही, मान वाकडी करून बघावं लागतं. दुसरा उपाय, पुढे नळीवर एक छोटी, कमी पॉवरची दुर्बीण, डोळ्यापासून वीतभर लांब असूनही जिच्यात चित्र पूर्ण दिसतं अशी. वजनाला हलकी, दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. मी ती लावून बघितली. पार्किंगपलीकडच्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर दिसलं. मुलगी म्हणाली, "पण हिच्यासाठी नळीला भोकं पाडावी लागतील, जुन्या रायफलीची किंमत जाते, आणि ती भोकं पुन्हा बुजत नाहीत. विचार करा." मी म्हटलं, पाडा. मला तीच हवी होती आणि तशीच हवी होती.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्राची पूजा. पुण्यात तुमच्या वडिलांकडे म्हणे तलवार होती, इथे टेक्सासमध्ये ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने तुम्ही रायफल घेतलीत आणि तिला तलवारीच्या जागी बसवलंत. एकही हरीण मारलं नाहीत, मारणार कसे, अंडं फुटलं तरी तोंड वाकडं करायचात. लिव्हिंग रूमच्या कार्पेटवर पाट, पाटावर लाल खण, खणावर रायफल. झेंडू नाही म्हणून दुकानातली कार्नेशन्स. दादा गंध लावतोय, तुम्ही मंत्र म्हणताय, आणि मी ताम्हन घेऊन उभी, कारण ओवाळायचं काम माझं. "मी पण चालवणार," असं एका वर्षी म्हणाले, तर तुम्ही सगळ्यांसमोर हसलात. "तू ओवाळ, तेवढं पुष्कळ आहे."

पण एकदा चालवलीच. तुमच्या ऑफिसातल्या एकाच्या शेतावर गेलो होतो, कुंपणावर सोड्याचे कॅन लावले होते. दादाचे सगळे नेम चुकले, त्याचा चष्मा घामाने घसरत होता आणि तुम्ही त्याच्या कानाशी ओरडत होतात. तुम्ही कुणाशी तरी बोलायला वळलात तेव्हा दादानेच रायफल माझ्या हातात दिली. पहिला कॅन उडाला, दुसरा उडाला, तिसरासुद्धा. मी वळून बघते तर तुम्ही मागेच उभे. मी वाट बघत होते, बाबा. चौदा वर्षांची मुलगी, खांदा ठणकतोय आणि तोंडभर हसू. तुम्ही रायफल काढून घेतलीत आणि म्हणालात, "लागतं नशीब एखाद्याचं. जा, आईला डबे उघडायला मदत कर." तो दिवस मी गिळला, पण पचला नाही. पुढे डॉक्टर झाले, लग्न केलं, मुलं वाढवली, तरी नाही पचला.

भोकं पाडल्यावर मी दादाला फोन केला. म्हटलं, बघ, बाबांच्या रायफलीची वाट लावली मी. तो हसला. "बरं केलंस यार. आय हेटेड दॅट थिंग." मग म्हणाला, "त्या तीन कॅनवरून मी किती वर्षं बोलणी खाल्ली, तुला माहीत आहे? दर शनिवारी शूटिंग रेंजवर नेऊन बाबांचं तेच, तुझी बहीण बघ, काय नजर आहे पोरीची, काय हात स्थिर, आपल्या घराण्यात असा नेम कुणाचा नव्हता. ऑफिसातसुद्धा सगळ्यांना सांगायचे. तुला कधी म्हणाले नाहीत?"

नाही. मला कधी म्हणाला नाहीत. पोरांचं तोंडावर कौतुक करू नये, शेफारतात, ही आपली रीत! तुमच्या वडिलांनी तुमचं केलं नसेल, त्यांच्या वडिलांनी त्यांचं. पण निदान गप्प तरी बसायचंत. जिला ते शब्द हवे होते तिच्यापासून लपवलेत आणि ज्याला टोचतील त्याला शनिवारच्या शनिवारी टोचलेत. एका कौतुकात दोन पोरं खराब केलीत, बाबा. दादा मला एवढी वर्षं का टाळत होता, ते मला साठीच्या तोंडावर कळलं, आणि तेही एका दुर्बिणीपायी. वर तुम्ही गेलात तेव्हा सगळे म्हणाले, किती शांत माणूस होता.

परवा थँक्सगिव्हिंगला दादा आला होता. मी त्याला रेंजवर घेऊन गेले. "मला नको, तू मार," म्हणत होता, तरी मी रायफल त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, आता चष्मा घसरला तरी चालेल, नुसतं दुर्बिणीतून बघ आणि श्वास सोड. त्याने बघितलं. किती वेळ नुसता बघतच राहिला. मग हळूहळू सगळ्या गोळ्या मारल्या, आणि टार्गेटचा कागद जवळ ओढला तर सगळी भोकं माझ्या तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळ. माझी एवढी चांगली बसली नव्हती. तो माझ्याकडे वळला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, नातवंडं असलेला माणूस, पण ते तोंड मला ओळखीचं वाटलं. वाट बघत होता तो. आणि मी म्हणाले, "चल, आवर, आपली वेळ संपली."

संध्याकाळी तो बाहेर गेल्यावर नवऱ्याला मात्र मी भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं, काय हात आहे रे दादाचा, काय सुंदर नेम, उगाच इतकी वर्षं फुकट घालवली. नवरा म्हणाला, "मग त्याला सांग की." हो म्हणाले. दादा रविवारी परत गेला. फोन समोर टेबलावर आहे, तो घरीच असेल, उचलेलसुद्धा. आणि मी तुम्हाला लिहीत बसले आहे. तुम्हाला लिहिणं सोपं जातं, बाबा. जो ऐकू शकतो त्याला सांगायलाच माझी जीभ रेटत नाही.