मंगल डेकवर काय म्हणाली

२६ जानेवारी

लेकीचा, सौम्याचा, पुण्याहून फोन. आम्हा दोघांना क्रूझवर पाठवतेय. मुंबईहून बोट, वाटेत गोवा, परत मुंबई. लग्नाच्या वाढदिवसाचं प्रेझेंट म्हणे. मी म्हणालो, कशाला उगाच. पण हे म्हणायचं असतं म्हणून म्हणालो.

खरा आनंद वेगळा. मंगल तयार झाली! मंगल सध्या निपाणीला असते, भावाकडे. सासूबाईंचं बघायला गेलती. सासूबाई जाऊन आता वर्ष होईल, पण निपाणीची हवा तिच्या गुडघ्याला मानवते. शिवाय इथं वडगावात पाण्याचा त्रास. शिवाय तिच्या भावाची, रविराजची, बायको घरात एकटी पडते. कारणं आहेत. लोकांना काय, समोरचा भरमू परवा विचारत होता, वहिनी कायमच्या गेल्या काय. त्याला सांगितलं, क्रूझवरून थेट हिकडंच येणार. तसं ठरलेलं नाही. पण होणार तसंच.

३० जानेवारी

तयारी जोरात. मोबाईलवर क्रूझचे व्हिडिओ बघतो. खाली अक्षरं येतात तेच. हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. माझे कान ठणठणीत आहेत. सगळा जन्म पॉवरलूमच्या खडखडाटात गेला, त्या मानानं तर लईच चांगले. आता माग विकले. कारखाना गप्प.

शिकलो ते असं. मोठी बॅग केबिनमध्ये उशिरा येते, म्हणून गोळ्या आणि एक जोड कपडे हँडबॅगेत. इस्त्री न्यायची नाही, काढून घेतात. बुफेवर पहिल्याच दिवशी तुटून पडायचं नाही. बोट लागू नये म्हणून आलं चघळायचं. शोला लवकर जाऊन पुढची सीट धरायची. हे सगळं मंगलला फोनवर सांगितलं. ती बरं म्हणाली. तिचं बरं लई गोड असतं.

ठराव: बोटीवर चिडायचं नाही. तिला बोलू द्यायचं. मध्ये तोंड घालायचं नाही.

५ फेब्रुवारी, बोटीवर

काल लक्झरीत शेजारची सीट निपाणीपर्यंत धरून ठेवली. एक माणूस बसायला बघत होता, त्याला म्हणालो मिसेस येणार आहेत. हे म्हणायला किती बरं वाटलं! मंगल चढली. नवा चष्मा. ब्लाउज स्वतः शिवलेला, छान बसलाय. तसं सांगायचं राहिलं. खिडकी मात्र दिली.

बोट प्रचंड. आमची गल्ली तिच्या एका मजल्यावर मावेल. आल्या आल्या सगळ्यांना गोळा करून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं. मी उलटं घातलं. मंगलनं सरळ करून दिलं.

बुफेवर तुटून पडलो. पास्ता, पुलाव, पेस्ट्री, परत पुलाव.

मोठी बॅग आलीच नाही. बीपीच्या गोळ्या त्यात. हँडबॅगेत मी चिवडा आणि आलं ठेवलं होतं. मंगलनं पर्समधून माझ्याच गोळ्यांची पाकिटं काढली. सौम्याला नाव विचारून आणल्या होत्या. आता मला सांगा, जिला परत यायचं नाही ती बाई नवऱ्याच्या गोळ्या आणेल काय?

६ फेब्रुवारी

बोट लागली. आल्याचा उपयोग शून्य. दिवसभर आडवा. मंगल उशाशी बसली होती. मी म्हणालो जा तू, मला काही नको. हे म्हणजे तिनं बसावं म्हणून. ती गेली.

दुपारनंतर आली ती हसतच. डेकवर म्युझिक लावून नाच चालला होता, त्यात नाचली म्हणे. गुडघा? मी विचारलं नाही. समुद्राच्या हवेनं बरा झाला असणार. म्हणजे निपाणीच्या हवेची आता गरज नाही. हा एक मुद्दा आपल्या बाजूला.

जेवायला कसाबसा गेलो. टेबलावर सदलग्याचे तम्मण्णा आणि त्यांच्या मिसेस सोनाबाई. मंगलची त्यांच्याशी नाचतानाच दोस्ती झालेली. तम्मण्णा मला मोठ्यानं म्हणाले, तुमच्या मिसेसचा क्लास झकास चाललाय की ओ. मी म्हणालो, कुठला? तेच सांगायला लागले. शिवणक्लास. निपाणीत. भावाच्या घरी नाही, वेगळी खोली घेतलीय. तिथंच राहते. पोरींची रांग असते.

मी म्हणालो, व्हय व्हय, आयडिया माझीच.

मंगलनं सूपच्या वाटीतून वर बघितलं. सोनाबाई तिच्याकडं बघत होत्या. मी आइस्क्रीम घेऊन आलो, सगळ्यांना.

पडल्या पडल्या विचार केला. हे तर उत्तमच झालं! कारखान्याची जागा रिकामीच आहे. शिलाई मशिनी तिथं मांडू. वडगावात पोरी काय कमी आहेत? बोर्डावर तिचं नाव घालू. माझं खाली, बारीक अक्षरात.

७ फेब्रुवारी

आज मोठा दिवस.

सकाळी गोव्यात उतरलो, एक चर्च बघितलं, काजू घेतले, परत बोटीवर. संध्याकाळी जादूचा शो. लवकर जाऊन पुढची सीट धरली, तर शेजारीच स्पीकर. जादूगारानं नेमकं मलाच स्टेजवर बोलावलं. काहीतरी विचारलं. मी म्हणालो, वडगाव. लोक हसले. परत विचारलं, मी म्हणालो, हो, दोघंच. लोक आणखी हसले. मला वाटलं आपण रंगत आणतोय. मग मंगल स्टेजवर आली, माईकमध्ये माझं नाव सांगितलं, आणि माझा हात धरून खाली घेऊन आली. ती हसत नव्हती.

म्हणाली, चला, डेकवर जाऊ.

वर वारं लई. मंगल कठड्याला धरून उभी राहिली आणि बोलायला लागली. बोलत राहिली. इतकं ती आयुष्यात माझ्याशी बोललेली नाही. वाऱ्यानं शब्द पलीकडं जात होते. वडगाव, निपाणी, आई, राग न्हाय, एवढं हाताला लागलं. पण ठराव केलेला होता, मध्ये तोंड घालायचं नाही. शिवाय काय म्हणालीस असं विचारलं की ती काय न्हाय म्हणून सोडून देते, हा अनुभव. म्हणून मान हलवत राहिलो. ती थांबली की व्हय म्हणायचो. खरं हाय म्हणायचो. शेवटी तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि रडली. मीही.

सगळं मिटलं. सौम्याला उद्या थँक्यू म्हणायचं. भरमूला फोन केला, कारखाना झाडून ठेव. त्यानं विचारलं, वहिनी येणार? म्हणालो, मग!

९ फेब्रुवारी

काल मुंबईत उतरून संध्याकाळची लक्झरी घेतली. सकाळी निपाणी आली. मंगल उठली, वरची बॅग काढायला लागली. मी म्हणालो, चहाला उतरतेस तर बॅग कशाला?

ती बघतच राहिली. मग हळू म्हणाली, डेकवर सगळं सांगितलं की तुमास्नी. तुमी व्हय म्हणालासा.

लोक बघत होते. मी म्हणालो, व्हय, म्हणालो की.

बॅग मीच खाली उतरवून दिली. जड होती. काजूचा पुडा तिच्याच बॅगेत राहिला. गाडी सुटल्यावर मी रिकाम्या सीटवर सरकलो. बाहेर बघायला बरं पडतं.

वडगावात कारखाना झाडून लख्ख. भरमूनं दाराला आंब्याची पानं बांधली होती. त्याला म्हणालो, गुडघा परत धरला.

१६ फेब्रुवारी

आठवडा वाट बघितली. तिचा फोन येईल असं वाटलं होतं. ती कामात असणार, लग्नसराई आहे.

शेवटी मीच केला. दारं-खिडक्या लावून घेतल्या, फोनचा आवाज फुल, कानाला घट्ट. स्पष्टच सांगितलं की डेकवर वारं होतं, मला एक शब्द नीट ऐकू आला नाही, तेव्हा माझा होकार धरू नये. असला होकार कुठंच धरत नाहीत.

मला वाटलं लाइन गेली.

मग म्हणाली, ठाऊक हाय मला. तुमास्नी ऐकू येत न्हवतं ते दिसत हुतं. म्हणून तर धाडस झालं बोलायचं.

म्हणालो, मग आता बोल. आता वारं नाही.

ती बोलली. म्हणाली, मी परत येणार न्हाय. राग न्हाय तुमच्यावर. आजारी पडलासा तर येईन, चार दिवस ऱ्हाईन, जाईन. पण ऱ्हायला न्हाय. हितं मी बोलले की पोरी हातातलं काम थांबवून ऐकत्यात. ह्या वयात ते मला लई वाटतंय. ते सोडून न्हाय येणार.

मी म्हणालो, काय? काय म्हणालीस?

तिनं न चिडता सगळं परत सांगितलं. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून.

पहिल्या वेळेलाच नीट ऐकू आलं होतं.