पुढच्या खोलीतली हजेरी

४ सप्टेंबर १९५६

ह्यांच्या कचेरीत हुकूम आला. एक नोव्हेंबरपासून नवं राज्य, राजधानी भोपाळ. बिऱ्हाड दिवाळीआधी हलवायचं. आधी शिंद्यांचा दरबार, मग मध्यभारत, आता हे तिसरं राज्य. मध्यभारतात सहा महिने इंदूर, सहा महिने ग्वाल्हेर अशी कचेरीची वरात निघायची, पण फिरून इथे ग्वाल्हेरला घरी तरी यायची. आता येणं नाही.

हे म्हणाले, "सामानाला लाग."

आधी बुवांची हजेरी. मग सामान.

९ सप्टेंबर

शिंदे की छावनीत दाजींकडे. बुवांचे थोरले शिष्य, म्हणून त्यांना विचारणं भाग. बुवांच्या तिथीला त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत, रिकाम्या गादीसमोर एका शिष्याने तोडी गायची. बुवा गेल्यापासून एकदाही चुकलं नाही. पण बुवांमागे घर राखणाऱ्या त्यांच्या पत्नी, काकू, वैशाखात गेल्या. घर दरबारने राहायला दिलेलं, ते सरकारजमा झालं. आता तिथे कचेरी.

दाजी म्हणतात, यंदा सोडून दे. त्यांचा आवाज बसलाय. बाकीचे पांगले, कोणी मुंबई, कोणी नागपूर.

"मग मी गाते."

"बायकांनी हजेरी द्यायची रीत नाही. तू आपली माजघरात तंबोरा धर."

इतकी वर्षं तेच केलं. शिकले तेही माजघरात बसून, बुवा पुढच्या खोलीत, मधे पडदा. पण बुवांनी पडद्याआडून अर्धं नाही शिकवलं, पुरतं शिकवलं. ग्वाल्हेर सोडायच्या आधी एकदा त्या पुढच्या खोलीत बसून गाणार. रीत म्हणजे काय दगडावरची रेघ?

१२ सप्टेंबर

कुंदाला घेऊन गोरखी वाड्यामागे बुवांच्या घरी. लेक कॉलेजात जाते, तिचं हिंदी फर्डं, म्हणून बरोबर नेली. बुवांच्या गादीच्या जागी साहेबांचं टेबल. मागच्या भिंतीवर बुवा डोकं टेकायचे तिथला तेलाचा डाग मात्र जिथल्या तिथे. चुना मारलाय वरून, तरी फुटून बाहेर आलाय. फार बरं वाटलं.

सक्सेना साहेब इथल्याच मुरारचे. माणूस सज्जन. एका सकाळपुरती खोली द्यायला लगेच हो म्हणाले, दिवस विचारला. मी म्हटलं, अश्विन वद्य अष्टमी.

कुंदा कानाशी, "आई, सीधी तारीख बता दो ना."

नाही सांगितली. बुवा काही तारखेने गेले नाहीत. साहेब हसले. "हम पंचांग देख लेंगे. सुबह कमरा ख़ाली मिलेगा."

बाहेर आल्यावर कुंदा म्हणते, तू ना आई, बहुत ज़िद्दी है. असेन.

२७ सप्टेंबर

अष्टमी. मामंजींचं श्राद्ध. खीर, वडे, आमसुलाची चटणी, पंगत. रियाज नाही. पाठ मोडली. हजेरीला महिना आहे, तेवढ्यात खालचा षड्ज सुधारला पाहिजे.

१५ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज साहेबांना आठवण द्यायला गेले. बसा म्हणाले नाहीत.

"आप लोग आए ही नहीं. अष्टमी तो कब की हो गई."

मला कळेचना. मग कळलं. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. आपला भाद्रपद वद्य तो ह्यांचा अश्विन. म्हणजे मी मामंजींच्या श्राद्धाचे वडे तळत होते तेव्हा इथे खोली रिकामी करून, सतरंजी घालून माणसं वाट बघत होती! पिढ्या गेल्या आमच्या ह्या लोकांत राहून. पितृपक्षाची खीर एकाच दिवशी खातो, महिन्याचं नाव तेवढं वेगळं. तारीख सांगितली असती तर जीभ झडली असती का माझी?

साहेब पुढे बोलले ते जास्त लागलं. "पिताजी ने बुवाजी को दरबार में सुना था. उस दिन नहा-धोकर, शेरवानी पहनकर यहीं बैठे रहे. दोपहर तक उठे नहीं."

मी माफी मागितली. खरी मागितली. पण खोली आता नाही म्हणाले. भोपाळला जायची दप्तरं तिथे रचली आहेत, छतापर्यंत. डाग दिसत नाही.

१६ ऑक्टोबर

रात्रभर चरफड. सकाळी ठरवलं. खोली नाही तर नाही, पायरी आहे. पायरीवर बसून गाईन. पायरी काही भोपाळला नेत नाहीत.

ह्यांनी ऐकलं, ताटावरून उठायचेच बाकी होते. "सरकारी कचेरीच्या दारात माझी बायको गाणार? ऐन बदलीच्या वेळी? पाण्यात राहून माशांशी वैर नको."

"वैर कुठलं? गाणं आहे."

ह्यांनी ताक मागितलं.

२१ ऑक्टोबर

षड्ज लागतोय. दाजी स्वतः घरी आले, एवढा जिना चढून. कुंदाने फोडलं असणार.

"बुवांचं गाणं रस्त्यावर नेतेस?"

"गाणं रस्त्यावर नाही गेलं, दाजी. घर कचेरीत गेलं. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

फार बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. चहा अर्धा टाकून गेले.

२४ ऑक्टोबर

मुरारला, सक्सेनांच्या घरी. साहेबांना न विचारता. माफी साहेबांची नाही, त्यांच्या वडिलांची मागायची होती. म्हातारबाबा अंगणात उन्हात बसलेले, दिसतं जेमतेम. मी पंचांगाचा घोटाळा सांगितला. खूप हसले. मला रडू आलं.

"क्या गाओगी?"

"तोड़ी."

"कहाँ?"

"बाहर. सीढ़ियों पर."

"तो मेरी कुर्सी भी बाहर लगवाना."

मागे वळले तर साहेब दारात उभे. कधी आले होते कोण जाणे. दिवस तेवढा विचारला. मी मुकाट्याने तारीख सांगितली. सत्तावीस, शनिवार.

२६ ऑक्टोबर

अर्धं सामान बांधून झालं. तंबोरा बांधू दिला नाही. ह्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता?" मी म्हटलं, उन्हं वर यायच्या आत. "टांगा सांगून ठेवतो," म्हणाले. स्वतः येणार का, ते बोलले नाहीत.

दाजींकडून निरोप नाही.

२७ ऑक्टोबर, सकाळ

अष्टमी. आमचं पंचांग पाहिलं, कुंदाच्या मैत्रिणीकडून त्यांचंही आणवून पाहिलं. आज दोन्हींत कृष्ण अष्टमीच.

न्हाले. काकूंनी दिलेलं लुगडं नेसले. गळा मोकळा आहे. भीती आहे, कशाला नाही म्हणू. बुवांसमोर पडद्याविना कधी बसलेच नाही मी, आज त्यांच्या दारात बसायचं.

टांगा आला. कुंदा खालून ओरडतेय, "आई, चलो भी!"

साहेबांनी दार उघडलं तर आत, नाही तर पायरीवर. तोडी दोन्हीकडे तीच.