समासातला प्रश्न

कोथरूड,
सोमवार, ११ ऑगस्ट १९९७

प्रिय बिलकिस,

पत्राच्या सुरुवातीला 'इकडील सर्व क्षेम' लिहायची शाळेनं आपल्याला सवय लावली होती, आणि एकदा ते विसरले म्हणून माझा अर्धा गुण कापला होता. आज मुद्दामच लिहीत नाही. का, ते पुढं येईल. तीन महिने झाले, बुधवार आला की मी दुपारी तीनला दोन कपांचं आधण ठेवते आणि मग निम्मं पाणी मोरीत ओतते. तू येत नाहीस. पाय दुखतोय, पाहुणे आलेत, बस मिळाली नाही, असला एकही निरोप नाही, म्हणजे तू रागावली आहेस. तू परत यावंस एवढंच मला हवंय. फोन करता आला असता, पण फोनवर मी फार छान बोलते. सदतीस वर्षं शाळेत शिकवून तेवढं एक येतं. म्हणून कागद घेतला.

आधी माझ्या अनुवादाच्या पुस्तकाचं सांगते, कारण ते सोपं आहे. पुस्तक अजून घरातच आहे. प्रकाशकांनी दोनदा विचारलं, मी दोनदा 'शेवटचा हात फिरवतेय' म्हणाले. सात वर्षं हात फिरतोय, आता हातच दुखायला लागलाय. त्या ग्रेलला मराठीत काय म्हणायचं यावरच आपली दोन वर्षं गेली, आठवतं ना? येशूनं शेवटच्या जेवणाला वापरलेलं भांडं, ते शोधायला घोड्यावर बसून निघालेली शहाणीसुरती माणसं, आणि प्रकाशकांचं म्हणणं, त्याला 'अमृतकुंभ' म्हणा, खपेल. मी म्हटलं, साहेब, ख्रिस्ताच्या पानाशेजारी कुंभमेळा भरवायचा का? तेव्हापासून ते माझ्याशी बेतानं बोलतात. 'नाइट'चं मी 'शिलेदार' केलं, ते तुला पसंत पडलं. आणि भांड्याला तू सरळ 'कटोरा' म्हणालीस. भांड्यांच्या बाबतीत तुझ्या घराण्यापुढं मी काय बोलणार?

परवा कसब्यात तुझ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेले. हो, आले होते. तुझे अब्बा, दादामियाँ, कल्हईला बसायचे त्या जागी आता कुणी मोबाइल-पेजरचं दुकान थाटलंय. मी उगाच काचेतले पेजर बघत उभी राहिले. मला त्यांचा भाता दिसत होता, नवसागराचा पांढरा धूर नाकात जात होता. आमची आई पातेली बाहेरून चिंचेनं लख्ख घासून आपल्या दोघींच्या हाती पाठवायची, लोकांत लाज नको म्हणून. अब्बा त्या चकाकीकडं बघायचेसुद्धा नाहीत. बाई, आतलं दाखवा, म्हणायचे. सात वर्षांच्या मुलीला बाई! आत कल्हई उडालेली असली तर आमटी कळकणार, मग बाहेरून कितीही घासा. मी ते पातेलं उलटं धरून ठेवायचे, आणि तू माझ्या हातातून काढून घेऊन त्यांच्यापुढं सुलटं करायचीस. कोपऱ्यावरून तुझी खिडकी दिसत होती. वर यायचं धाडस झालं नाही.

आता त्या बुधवारचं. तुला आठवत असेलच, पण मला ते ओळीनं लिहू दे, नाहीतर मी पुन्हा वळसा घालीन. त्या दिवशी मी तुला लंगड्या राजाचं प्रकरण वाचून दाखवत होते. तरुण शिलेदार एका गढीत पोचतो. तिथला राजा जखमी, त्याला धड बसता येत नाही, निजता येत नाही. जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोरून तो कटोरा जातो. पोराला विचारावंसं वाटतं, पण त्याला शिकवलेलं असतं की चांगल्या घरच्या माणसानं फार चौकशा करू नयेत. पुण्यातच वाढलेला असणार. तो गप्प जेवतो, सकाळी उठतो तर गढी रिकामी. पुढं त्याला कळतं की त्यानं नुसतं विचारलं असतं तरी राजा बरा झाला असता. मग वर्षानुवर्षं वणवण, आणि शेवटी तो परत येऊन तो एक प्रश्न विचारतो. माझ्या मराठीत त्यानं विचारलं होतं, 'काका, बरे आहात ना?'

तू चहाचा कप खाली ठेवलास आणि मला थांबवलंस. म्हणालीस, मंदे, हे चुकलं. 'बरे आहात ना' म्हटल्यावर माणूस 'हो'च म्हणणार, त्याला दुसरी वाटच ठेवली नाहीस तू. हे आपण जिन्यात विचारतो, पुढं जायची घाई असते तेव्हा. मी म्हटलं, मग कसं विचारायचं? आणि तू माझ्या मनगटावर हात ठेवलास, कागदाकडं नाही, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, असं विचारायचं: तुला काय होतंय?

बिलकिस, मी पेन्सिल उचलली. समासात लिहून घेतलं, 'काका, तुम्हांला काय होतंय?' आणि म्हणाले, हो, हे जास्त बरं वाटतं. तू हात काढून घेतलास. त्याच वेळी आतल्या खोलीतून आवाज आला, आणि तू विचारलंस, आत कोण आहे, गोपाळकृष्ण गावाला गेलेत म्हणालीस ना? मी म्हटलं, रेडिओ चालू राहिलाय. माझ्या लग्नात ज्यांच्या चपला तू लपवल्यास आणि दोन तास दिल्या नाहीस, त्यांचा आवाज तुला ओळखू येणार नाही असं मला वाटलं. नाही, वाटलंही नाही. तोंडातून गेलं. तू उरलेला चहा तसाच ठेवून चपला घातल्यास. दर वेळी 'बुधवारी येते' म्हणतेस, त्या दिवशी नुसतं 'बरंय' म्हणालीस.

इतके दिवस मी स्वतःला त्या शिलेदाराच्या जागी धरत होते. वाटायचं, मी तुला काही विचारायचं राहून गेलं, म्हणून तू गेलीस. काल ते पान पुन्हा काढलं, समासातलं माझं अक्षर बघितलं, आणि लक्षात आलं की आपल्या गोष्टीत शिलेदारानं काहीच चुकवलं नव्हतं. बसनं आली, जिना चढली, बरोबर प्रश्न बरोबर शब्दांत विचारला. राजाच खोटं बोलला. त्यावर काय करायचं, हे त्या सगळ्या जुन्या गोष्टींत कुठंच दिलेलं नाही. मी सगळ्या वाचल्या आहेत.

म्हणून हे पत्र. तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर देते. हे गावाला गेले नव्हते, दीड वर्षात कुठंच गेलेले नाहीत. आतल्या खोलीत असतात. दर बुधवारी तू यायच्या आधी मी त्यांना जेवायला घालून बाहेरून कडी लावत होते, आणि तुला कधी गाव, कधी बँकेतले मित्र, कधी झोप असं सांगत होते. चाळीस वर्षं मला 'अगं' म्हणणारा माणूस आता 'अहो' म्हणतो. सकाळी चहा नेला की नीट उठून बसतात आणि विचारतात, अहो, आपण कुठल्या? मी कसबा पेठ सांगते. मग म्हणतात, वा, आमची मंडळीही कसब्यातलीच. रोज म्हणतात. इतक्या अदबीनं वागतात की मला ओरडताही येत नाही. मुलाला सांगितलेलं नाही, शेजारी कुणाला नाही. मी थकले आहे, बिलकिस. मला हे होतंय. परवा बुधवार आहे. आतल्या खोलीची कडी मी आज काढून टाकली. ते तुलाही विचारतील, आपण कुठल्या, म्हणून. तू सांग त्यांना. आणि मग मला ते परत एकदा विचार, मी पेन्सिल हातात घेणार नाही.

तुझीच,
मंदी